सहावा ट्रे कोरडा ठेवायचा होता

"हे बघायला दीड तास आगगाडीत बसवून आणलंस होय गं?" सासूबाईंनी निवडुंगांच्या रांगेकडे बघून नाक मुरडलं. "माझ्या माहेरी, बार्शीकडे, बांधाबांधावर आहेत. कुणी ढुंकून बघत नाही."

"अहो आई, आत तर चला आधी. दारात काय उभ्या राहिलात!"

म्हटलं खरं, पण दारात थबकले होते ती मीच. माझी अकरा वर्षांची इरा केव्हाच आत पळाली होती. दार तेच होतं, आधी थोडं उचलून मग ढकलावं लागणारं. हात आपोआप उचलला गेला, दार कुरकुरलं, आणि तो वास आला. कोरड्या मातीचा, गार दगडाचा, पाइपांवरच्या गंजाचा. सोळा वर्षं झाली या वासाला. डोळे मिटून मी तो छातीभर ओढून घेतला.

हॅनोव्हरच्या एका टोकाला, ट्राम जिथे संपते तिथून दहा मिनिटं चाललं की आमच्या संस्थेची काचघरं लागायची. पहिल्यात दमट जंगल, दुसऱ्यात नेचे, आणि तिसऱ्यात वाळवंट. मी इथे पीएचडी केली, म्हणजे आयुष्याची चार वर्षं या तिसऱ्या काचघरात काढली. आता ते या उन्हाळ्यात रिकामं करणार आहेत, झाडं दुसऱ्या बागेत जाणार, आणि त्याआधी एक रविवार सगळ्यांसाठी खुला. हॅम्बर्गमध्ये ऊ-बानने, म्हणजे भुयारी रेल्वेने, ऑफिसला जाताना फोनवर ही सूचना वाचली आणि माझं स्टेशन निघून गेलं. उशिरा पोचले. कारण काय सांगणार, आमचं वाळवंट हलवतायत म्हणून?

वाळवंट म्हणजे रणरणतं ऊन, असं मी पुण्याहून डोक्यात घेऊन आले होते. इथलं वाळवंट गार निघालं. हिवाळ्यात मी आत कोट घालून, कानांवर टोपी ओढून काम करायचे. तिथल्या मुख्य माळीण, फ्राऊ हाइनेमान, पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "आल्झो, तर ऐका, हे झोपेचे महिने. नोव्हेंबर ते मार्च इथे कुणाला पाणी नाही, कुणाला ऊब नाही. नीट झोपली तरच ही झाडं फुलतात." मला ते फार निर्दय वाटलं. सुरकुतलेले निवडुंग, आक्रसून बसलेले, आणि ही बाई रबरी नळी गुंडाळून भिंतीला टांगतेय! पुढे कळलं की त्यांना प्रत्येक झाड नावाने माहीत होतं, आणि आजारी झाडाशी त्या दबक्या आवाजात बोलायच्या.

काय शांतता असायची तिथे हिवाळ्यात! सकाळी छतावरचा बर्फ खर्रर्र करत घसरायचा आणि त्या पट्टीतून एकदम उजेड आत यायचा. पाइप मधूनच टकटक करायचे. बाकी काही नाही. माझा श्वास मला ऐकू यायचा. अशा वेळी मी पालथ्या क्रेटवर लॅपटॉप ठेवून, बोटं काखेत गरम करत, प्रबंध लिहायचे. एक वाक्य लिहायचं, दोन पुसायची. फ्राऊ हाइनेमान न विचारता थर्मासमधला लाल आंबट चहा पुढ्यात ठेवून जायच्या. रानगुलाबाच्या फळांचा होता तो, भयंकर आंबट, पण वाफेसाठी मी तो नाकाशी धरून बसायचे.

माझे प्रोफेसर साठीचे होते. इकडे पीएचडीच्या मार्गदर्शकाला डॉक्टरफाटर म्हणतात, म्हणजे शिक्षणातला बापच. हा माणूस तरुणपणी चिलीच्या वाळवंटात गेला होता. तिथे वर्षानुवर्षं पाऊस पडत नाही, आणि कधी पडलाच तर थोड्याच आठवड्यांत सगळी जमीन फुलांनी झाकून जाते. ती फुलं बघायची म्हणून ते गेले, आणि नेमका कोरडा काळ लागला. एकही फूल दिसलं नाही. मग त्यांनी नुसती माती आणली, कॉफीच्या पत्र्याच्या डब्यांत भरून, आणि डबे फळीवर ठेवले. मी तेव्हा बालवाडीत असेन. मी शाळेत गेले, दहावी झाले, कॉलेजात गेले, विमानात बसले, आणि ती माती तेवढा सगळा काळ तिथे फळीवर बसून होती.

पहिला डबा मी उघडला तेव्हा आधी कॉफीचाच वास आला. इतक्या वर्षांचा! माती करडी होती, पिठूळ, हाताला चिकटणारी. बिया काही दिसेनात. भिंगाखाली धरली तेव्हा दिसल्या, काळ्या, चकचकीत, राजगिऱ्याहून बारीक.

"जिवंत आहेत?" मी विचारलं.

"ते तुम्ही सांगायचं आहे," प्रोफेसर म्हणाले.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आजही लिहिताना येतोय.

आम्ही सहा ट्रे मांडले. प्रोफेसरांचं म्हणणं असं, की हे बी मोठं धोरणी असतं, हलक्या सरीला फसत नाही, खऱ्या मोठ्या पावसाचीच वाट बघतं. म्हणून पहिल्या ट्रेला एकदाच नुसता शिडकावा, दुसऱ्याला जरा बरी सर, असं करत पाचव्याला धो धो पाणी. सहाव्याला काहीच नाही. तो तुलनेसाठी, अगदी कोरडा. त्याच्यावर मी स्वतः लाल पेनने चिठ्ठी लावली, पाणी घालू नये. जर्मनमध्ये तेवढंच लिहिताना दोन चुका केल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्या गुपचूप सुधारलेल्या दिसल्या.

आता माझी करणी ऐका.

आमच्या सहकारनगरच्या फ्लॅटला वीतभर बाल्कनी होती आणि रंगाच्या डब्यात तुळस. आई आंघोळ करून आली की तुळशीला पाणी घालायची, मग उरलेलं गुलाबाला, कोरफडीला, शेजारणीच्या कठड्यावरच्या मरायला टेकलेल्या शेवंतीलासुद्धा. तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला. आम्ही कुणी पेल्यातलं पाणी मोरीत ओतलं की ती ओरडायची, "अगं, ते बिचारं तिथे तोंड वासून बसलंय आणि तू मोरीला पाजतेस?" बिचारं म्हणजे कोपऱ्यातली एखादी कुंडी. आमच्या घरात कुंड्यांना पाणी घालताना एक कुंडी वगळायची, ही कल्पनाच नव्हती. पंगतीत पाच पानं वाढून सहावं कुणी रिकामं ठेवतं का?

पुण्याहून आणलेलं एक स्टीलचं फुलपात्र मी काचघरात पाणी प्यायला ठेवलं होतं. रोज साडेआठला पोचायचं, पाच ट्रे तपासायचे, वहीत टिपायचं. आणि मग सहाव्यापुढे आले की मला राहवेचना. प्यायचं उरलेलं पाणी ओंजळीत घेऊन, डोळे मिटून, ते मी त्या मातीवर सोडायचे. तोंडाने पुटपुटायचे, "घे बाई, घे." आईचंच बोलणं. एक ओंजळ, बस्स. आणि मग वहीत सहाव्या ट्रेच्या रकान्यात शून्य लिहायचे! विज्ञान शिकलेली बाई मी, अकलेचे तारे तोडत होते. पहिल्या दिवशी वाटलं, आजच्या दिवस. दुसऱ्या दिवशी वाटलं, काल घातलं मग आज काय हरकत आहे. तिसऱ्या दिवसापासून काही वाटेनासंच झालं. खोटं लिहिते आहे असं खरंच मनात आलं नाही. ओंजळभर पाणी म्हणजे मला पाणी वाटतच नव्हतं, शिष्टाचार वाटत होता.

डिसेंबर गेला, नाताळ गेला. पाचही ट्रे ढिम्म. पाचव्या ट्रेमधला तो धो धो पाऊस मातीने पिऊन टाकला आणि वर काही पाठवलं नाही. प्रबंध एप्रिलअखेर द्यायचा होता. तीन प्रकरणं झाली होती आणि चौथं या ट्रेंवर अवलंबून. चौथं नाही तर डॉक्टरेट नाही, आणि माझा इथे राहण्याचा परवाना त्या डॉक्टरेटलाच बांधलेला. म्हणजे चार वर्षं पाण्यात आणि मी पुण्याला परत. आई-बाबा फोनवर "झालं का गं?" एवढंच विचारायचे, तेही इतक्या जपून, की फोन ठेवल्यावर मी ढसाढसा रडायचे.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातली सकाळ. बाहेर बर्फ, आत काचांवर धुरकट वाफ. सहाव्या ट्रेच्या डाव्या कोपऱ्यात मला हिरवा धागा दिसला. माझ्या मफलरचाच पडला असेल म्हणून उचलायला गेले आणि तो उचलेना. मी फरशीवर गुडघे टेकले, नाक ट्रेच्या कडेला लावलं. दोन इवलीशी पानं होती, आणि त्यांच्या टोकाला बीचं काळं टरफल अजून तसंच अडकलेलं. जवळजवळ माझ्याच वयाचं बी! कॉफीच्या डब्यात, अंधारात, दुसऱ्या खंडात, इतकी वर्षं ते जिवंत होतं आणि कुणाला एका शब्दाने बोललं नव्हतं. माझे हात आपोआप जोडले गेले. देव वगैरे मानत नाही असं मी तोवर चारचौघांत ऐटीत सांगायचे. त्या दिवसानंतर ते सांगायचं बंद केलं.

दुपारपर्यंत अकरा रोपं वर आली. एक डोकं वर काढायचं, आणि बघता बघता शेजारची माती जराशी फुगायची, तडकायची, दुसरं निघायचं. मी तासन्‌तास तिथे बसून होते. जेवले नाही, फोन घेतला नाही. फ्राऊ हाइनेमान आल्या, त्यांनी चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला. मग प्रोफेसर आले, कोट न घालता, बर्फातून धावत. त्यांनी रोपं बघितली, मग लाल चिठ्ठी बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

"कोरड्यात? कोरड्या मातीत उगवलं?"

मी काही बोलायच्या आत त्यांचे डोळे भरून आले. "धुकं!" ते म्हणाले. "तिथे समुद्रावरून धुकं येतं. पाऊस नाही, पण धुकं येतं. मी त्या धुक्यात उभा होतो हो! आणि मी पावसाचा विचार करत बसलो. गेनाऊ, गेनाऊ! अगदी तेच! या बिया हवेतला ओलावा पितात. लिहा. हेच तुमचं चौथं प्रकरण."

तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं मी. पण साठ वर्षांचा माणूस ट्रेपुढे लहान मुलासारखा उकिडवा बसला होता, आणि माझी चार वर्षं एका क्षणात मार्गी लागली होती. मी तोंड मिटलं.

मग मनाला समजावणं सुरू झालं. ओंजळभर पाणी ते काय, तासाभरात उडून जात असेल. पाचव्या ट्रेला बादलीभर घातलं तरी उगवलं नाही, मग ओंजळीने काय होतंय? धुकंच असणार. प्रोफेसर म्हणतात ना! आणि मी लिहायला बसले. काय लिहिलंय म्हणून सांगू! इतकी वर्षं अडखळत लिहिणारी मी, त्या फेब्रुवारीत पानांमागून पानं लिहीत सुटले. समुद्रावरून चढत येणारं धुकं, त्यात डोळे मिटून पडलेल्या बिया, हवेतून येणारा निरोप. तितकं सुंदर मी आयुष्यात पुन्हा काही लिहिलेलं नाही. आणि त्यातला कणा पोकळ होता.

मार्च आला आणि आमच्या वाळवंटात वसंत आला. बाहेर अजून झाडांच्या काठ्याच होत्या, रस्त्याकडेला काळपट बर्फाचे ढीग. आत मात्र उन्हाने काच तापायला लागली. मी आधी टोपी काढली, मग कोट, मग स्वेटर. एका सकाळी फ्राऊ हाइनेमान यांनी भिंतीवरची नळी उतरवली आणि झोपेचे महिने संपले. पहिलं पाणी पडलं तेव्हा मातीतून बारीक चुरचुर आवाज आला, सगळ्या काचघरातून, कितीतरी वेळ. सुरकुतलेले निवडुंग आठवड्याभरात टरारले. त्यांच्या डोक्यांवर लोकरीच्या गुंड्यांसारख्या कळ्या धरल्या. एक म्हातारा निवडुंग होता, मी चार वर्षांत त्याला काही करताना बघितलं नव्हतं. त्याने एका बाजूने पिवळ्या फुलांची अर्धी माळच काढली. मी रोज नवीन काहीतरी बघून "अगं बाई!" म्हणायचे. फ्राऊ हाइनेमान यांनी तो शब्द उचलला होता. कळी दिसली की त्या लांबून हाक मारायच्या, "अगं बाई!"

सहाव्या ट्रेला उगवल्यापासून रीतसर पाणी मिळत होतं. रोपं अंगाने भरली. पानं मांसल, गुळगुळीत, अगदी आपल्या घोळाच्या भाजीसारखी. आईला फोटो पाठवला तर ती म्हणाली, "डाळ घालून छान होईल." मग कळ्या आल्या, हिरव्या, घट्ट मिटलेल्या.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी दहाच्या सुमाराला, मी चौथं प्रकरण संपवलं. शेवटचं वाक्य होतं: या बिया पाण्यावाचून जाग्या होतात. पूर्णविराम दिला. चार वर्षांचं लिहिणं संपलं. मी दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसती बसून राहिले. ऊन ट्रेवर आलं होतं. आणि माझ्यासमोर पहिली कळी उघडायला लागली.

डोळ्यांना दिसेल अशी उघडत होती हो! आधी टोकाशी एक फट पडली, तिच्यातून रंग दिसला. राणी रंग. आपल्याकडच्या लग्नातल्या शालूचा असतो तो. मग एक पाकळी सुटली, थरथरली, थांबली. दुसरी सुटली. आत पिवळ्याधमक परागांचा झुबका. कितीही थोडा वेळ लागला असेल, मला तो फार मोठा वाटला. ज्याच्यासाठी प्रोफेसर समुद्र ओलांडून गेले होते आणि जे त्यांना दिसलं नव्हतं, ते माझ्यापासून वीतभर अंतरावर होतं. इतकं खरं काही मी तोवर पाहिलं नव्हतं. त्यात कुठे काही लपवलेलं नव्हतं. आणि माझ्या मांडीजवळ लॅपटॉपवर ते वाक्य, पाण्यावाचून. मला भयंकर लाज वाटली. त्या फुलाची लाज वाटली. पाणी पिऊनच आलं होतं ते, माझ्या हातचं, आणि मी लिहिलं होतं की याने पाणी पाहिलंच नाही.

"मग? सांगितलंस का तू?" इराने जर्मनमध्ये विचारलं. मी आजीला हे सगळं सांगतेय हे बघून ती मघाशीच निवडुंगांमधून परत आली होती. तिला मराठी सगळं कळतं, बोलायचं म्हटलं की जर्मन.

सासूबाई बाकावर टेकल्या होत्या. "त्यात सांगायचं काय मेलं? पाणीच घातलंस ना, विष तर नाही घातलंस?"

"अहो आई, तेच तर घालायचं नव्हतं!"

"हं. तहानलेल्याला पाजायचं नाही म्हणे. कसलं शिक्षण!"

तर, सांगितलं. आधी प्रोफेसरांना सांगायचा धीर होईना, म्हणून फ्राऊ हाइनेमान यांच्याकडे गेले. त्या मागच्या शेडमध्ये कुंड्या धूत होत्या. माझं जर्मन एरवी बरं, पण त्या दिवशी सगळं व्याकरण पळालं. हातवारे करत, ओंजळ करून दाखवत, मी कसंबसं सांगितलं, की मी पाणी घातलं, रोज घातलं, हिवाळाभर.

त्यांनी कुंडी धुणं थांबवलं नाही. "माहीत आहे," त्या म्हणाल्या.

मी उडालेच. "माहीत आहे?"

"तुम्ही डोळे मिटता, काहीतरी म्हणता. मला वाटलं, तुमची प्रार्थना आहे. प्रार्थनेच्या मध्ये बोलू नये." कुंडी त्यांनी पालथी घातली, हात एप्रनला पुसले. "पण पाणी ते पाणी."

आणि खुंटीवरची जाडजूड वही त्यांनी माझ्यापुढे ठेवली. या काचघरात कुणीही कुठेही पाणी घातलं की त्या वहीत लिहायचं, ही त्यांची चाळीस वर्षांची रीत. तारीख, वेळ, कुठे, किती. मी पान उलटलं. नोव्हेंबरपासून, रोज, त्यांच्या टोकदार अक्षरात, "सहावा ट्रे, साडेआठ, एक ओंजळ." एकही दिवस गाळलेला नाही. पहिल्या नोंदीपुढे ओंजळ म्हणजे किती तेही लिहिलेलं होतं. मी गेल्यावर त्यांनी स्वतःची ओंजळ भरून मापाच्या पेल्यात ओतून बघितली होती. "तुमचे हात लहान आहेत," त्या म्हणाल्या. "म्हणून थोडं कमी धरलं."

मी वहीवरून मान वर केली. "मग धुकं धुकं म्हणून सगळे नाचत होते, तेव्हा का नाही बोललात?"

"ट्रे तुमचा. बोलायचं तुम्ही."

आम्ही दोघी प्रोफेसरांकडे गेलो. मी सांगितलं, फ्राऊ हाइनेमान यांनी वही ठेवली. त्यांनी पहिल्या काही नोंदी वाचल्या, पुढची पानं नुसती भराभर चाळली. खिडकीबाहेर कुणी सायकलची घंटी वाजवत गेलं, ते मला अजून आठवतं. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"धुक्याची गोष्ट जास्त सुंदर होती," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं. मला रडू येत होतं.

"म्हणजे मोठा पाऊसही नाही, धुकंही नाही. रोज थोडं थोडं." त्यांनी वही मिटली. "एकाच ट्रेवरून तुम्हाला याहून जास्त काही म्हणता येणार नाही. जेवढं झालं तेवढंच लिहा." मग उठून कोट घेतला आणि म्हणाले, "चला, मला ते फूल दाखवा." ते ट्रेपुढे बसले आणि ऊन उतरून फुलं मिटेपर्यंत उठले नाहीत.

चौथं प्रकरण अकरा पानांचं झालं, कोरडं ठणठणीत. धुक्याची पानं मी पुसून टाकली. डॉक्टरेट मिळाली, बेताच्या शेऱ्याने. पुढे संशोधनात कुणी मला घेतलं नाही. मी प्रोग्रॅमिंग शिकले आणि बाकीच्या मराठी मंडळींसारखी हॅम्बर्गच्या सॉफ्टवेअरात जाऊन बसले. वाईट वाटतं का? वाटतं ना. वसंत आला की हटकून वाटतं. पण त्या फुलाकडे मला पुन्हा सरळ बघता आलं, तेवढं पुरलं मला.

सासूबाईंनी नुसता माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि समोरच्या निवडुंगाकडे जरा नीट बघितलं.

एक गोष्ट मात्र मी तेव्हा कुणाला सांगितली नव्हती, प्रोफेसरांनासुद्धा नाही. सासूबाई आणि इरा, या दोघींना पहिल्यांदा सांगितली ती काल, त्या बाकावर.

अकरा पानं लिहिताना मला वहीतल्या तारखा उतरवून घ्यायच्या होत्या. मी शेडमध्ये बसून एकेक ओळ लिहीत होते, नोव्हेंबर, मग डिसेंबर. डिसेंबरच्या मध्यावर मी चार दिवस तापाने फणफणून खोलीत पडले होते, काचघराकडे फिरकलेसुद्धा नव्हते. ते चार दिवस शून्य, असं धरून मी त्यांची जागा कोरी सोडली आणि पान उलटलं. तर त्या चारही तारखा भरलेल्या होत्या. "सहावा ट्रे, साडेआठ, एक ओंजळ. ती आजारी आहे. मी घातलं."

मी दोनदा वाचलं. मग वर बघितलं. फ्राऊ हाइनेमान पाठमोऱ्या उभ्या राहून नळी गुंडाळत होत्या.

"तुम्हीसुद्धा?" मी म्हटलं. "अहो, पण त्यावर चिठ्ठी होती ना, पाणी घालू नये म्हणून!"

त्या वळल्या. ती करारी बाई कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली होती.

"मग काय चार दिवस कोरडा ठेवायचा?" त्या म्हणाल्या. "सवय लागली होती त्याला."